येथे रेडियम लावून मिळेल

कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडच्या आसपास एक तरी टपरी अशी असतेच, जिच्यावर लिहिलेलं असतं, 'येथे रेडियम लावून मिळेल'. रिक्षाच्या मागे 'आई जाकादेवी प्रसन्न', होडीच्या नाळेवर नंबर, पोरांच्या सायकलच्या मडगार्डवर विजेची तिरकी रेघ. काळोखात समोरून उजेड पडला की जे लखकन चमकतं ते आमचं रेडियम. त्यात रेडियमचा कणसुद्धा नसतो. प्लॅस्टिकच्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा खाचा असतात, त्या आलेला उजेड आल्या वाटेनं परत पाठवतात. बाकी काही नाही.

खरं रेडियम हे चांदीसारखं पांढरं, हवेत काळवंडणारं, अतिशय दुर्मिळ असं किरणोत्सारी, म्हणजे अणू आपोआप फुटून किरण सोडणारं, धातुरूप मूलद्रव्य आहे. मेरी आणि पिएर क्युरी यांनी डिसेंबर १८९८ मध्ये ते सापडल्याचं जाहीर केलं. पिचब्लेंड नावाच्या काळ्या खनिजाचे टनावारी ढीग उकळून, गाळून, पुन्हा उकळून हाताला ग्रॅमचा अंश लागायचा. शुद्ध धातू वेगळा व्हायला १९१० उजाडलं. पुढे ते जस्ताच्या संयुगात मिसळून घड्याळाच्या काट्यांना लावू लागले, म्हणजे अंधारातही वेळ दिसे. अमेरिकेतल्या कारखान्यांत हे रंगकाम करणाऱ्या मुली ब्रशाचं टोक ओठांनी अणकुचीदार करत. रेडियम शरीरात कॅल्शियमच्या वाटेनं जातं आणि हाडांत ठाण मांडतं. त्या मुलींचे जबडे झडले, कित्येक मेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीनं मिटला. घड्याळांतून रेडियम हळूहळू हद्दपार झालं, पण 'रात्री दिसतं ते रेडियम' एवढा अर्थ मागे उरला आणि आमच्या टपरीपर्यंत पोचला.

मी तीसेक वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर एकदा अशाच टपरीवाल्या पोराला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग गुरुजी, याला म्हणू काय?" मी म्हटलं, "चकाकपट्टी म्हण." तो हसला. "म्हणंन मी. पण गिऱ्हाईक रेडियमच मागतं."

त्याच बाजारात, त्याच रस्त्यावर, काही वर्षांपूर्वी अणुप्रकल्पाच्या विरोधात भिंती रंगल्या होत्या: किरणोत्सर्ग आम्हाला नको. गंमत अशी की दोन्ही शब्द मूळ एकच. लॅटिनमध्ये 'रेडियस' म्हणजे किरण. त्यावरून रेडियम, त्यावरूनच क्युरी दांपत्यानं वापरात आणलेला 'रेडिओॲक्टिव्हिटी' हा मोठा शब्द, ज्याचं मराठी आपण किरणोत्सर्ग किंवा किरणोत्सार करतो. एक शब्द आम्ही नातवाच्या दप्तराला चिकटवतो, दुसऱ्यानं आमची झोप उडते. मी लोकांना हसत नाही. लोकांच्या हाती जे शब्द पडले त्यांतून त्यांनी आपापला अर्थ लावला. प्रश्न आहे तो हे शब्द त्यांच्या हाती देणाऱ्यांचा.

जैतापूरचा प्रकल्प घ्या. राजापूर तालुक्यात माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, मूळ आराखड्यात प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली, नोव्हेंबरात पर्यावरण मंजुरी आली, मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांचा अपघात घडला आणि १८ एप्रिल २०११ ला जवळच्या नाटे गावात पोलिसांच्या गोळीबारात एकाचा जीव गेला. प्रकल्प अजून कागदावरच आहे. या सगळ्या काळात भाषणं झाली, पत्रकं निघाली, शास्त्रज्ञ आले, पुढारी आले. तरी माझं म्हणणं असं आहे की त्या विषयावर खरी चर्चा झालीच नाही, कारण दोन्ही बाजूंना समान कळेल असा शब्दच मध्ये नव्हता. एकीकडून इंग्रजी, दुसरीकडून संस्कृत, आणि मधे माणूस उभा.

कायदा काय म्हणतो? २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणीआधी अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या भाषेत द्यावा लागतो. सारांश! मूळ अहवाल शेकडो पानांचा, इंग्रजीत. आणि ज्याची जमीन, ज्याची मासळी, त्याला चार पानांचा गोषवारा. २०२० मध्ये त्याच अधिसूचनेचा नवा मसुदा फक्त इंग्रजी-हिंदीत आला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांत त्याचा अनुवाद करा. पण समजा, उद्या सगळाच अहवाल मराठीत आला. तो कसल्या मराठीत येईल याचीच मला जास्त धास्ती आहे.

मुळात 'किरणोत्सर्ग' या शब्दाचंच पाहा. आपली वर्तमानपत्रं तो किमान तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. एक, पदार्थाचा गुण, म्हणजे त्याचे अणू आपोआप फुटत राहणं. दोन, त्यातून बाहेर पडणारे किरण. तीन, तो पदार्थच उडून पाण्यात, गवतात, अंगावर जाऊन बसणं. इंग्रजीत यांना तीन वेगळे शब्द आहेत. मराठी कोशांतही आहेत, नाही असं नाही, पण ते कोशातच आहेत. बातमीत येतं, 'किरणोत्सर्ग झाला'. म्हणजे काय झालं? वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मला तर शंका आहे, लिहिणाऱ्यालाही नसतो.

वर्गात मी हे चुलीवरून सांगायचो. चुलीत निखारा आहे. तो किरणोत्सारी पदार्थ. निखाऱ्याची धग लागते; ते त्याचे किरण. आणि फुंकर घातली की राख उडून अंगाला लागते. ती झाली बाधा. धगीपासून मागे सरलात, मधे भिंत घातलीत, की काम झालं. राख तुमच्याबरोबर घरी येते. एक्स-रे काढताना फक्त धग असते, तीसुद्धा बटण दाबलेलं असेपर्यंत. म्हणून "एक्स-रे काढला तर तो अंगात ऱ्हातो काय वो?" या प्रश्नाला ठाम 'नाही' म्हणता येतं. फुकुशिमात मात्र राख उडाली: आयोडीन-१३१, सीझियम-१३४, सीझियम-१३७. नाट्याच्या बंदरावर मासेमार जो प्रश्न विचारत होते तो धगीचा नव्हताच. तो राखेचा होता: ती समुद्रात गेली तर मासळीत येते का, आणि न येताही नुसती बोलवा झाली तर मुंबईच्या बाजारात आमची मासळी घेणार कोण? त्यांना उत्तर मिळालं धगीच्या आकड्यांत, अंगाला किती लागलं ते मोजणाऱ्या मिलिसिव्हर्टमध्ये. उत्तर खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं होतं.

चूल जळते आणि अणू जळत नाही, हा या उपमेतला दोष मला मान्य आहे. पण 'अणुभट्टी' या शब्दातही तोच दोष आहे आणि तरी तो आपल्या भाषेतला या विषयावरचा सर्वांत यशस्वी शब्द ठरला. का? कारण भट्टी आम्हाला माहीत आहे. काजूची, चुन्याची, आणि बोलू नये अशीही एक. भट्टी म्हटलं की बंद जागा, आत उष्णता, लक्ष ठेवणारा माणूस आणि लक्ष नसलं तर होणारा घोटाळा, एवढं सगळं न सांगता कळतं. हाच शब्द कुणी 'आण्विक अभिक्रियक' असा केला असता तर आज तो एखाद्या कपाटात असता.

शाळेनंही घोळ वाढवला आहे. सातवी-आठवीत मुलं उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण शिकतात. म्हणजे उन्हाची, शेकोटीची उष्णता आपल्यापर्यंत येते ते प्रारण. मग मोठेपणी हाच अर्थ पेपरात किरणोत्सर्ग होऊन येतो. मोबाइलच्या टॉवरचाही किरणोत्सर्ग, अणुभट्टीचाही किरणोत्सर्ग. टॉवरच्या लहरींत अणूमधला इलेक्ट्रॉन उखडण्याइतका जोर नसतो, अणू फुटताना निघणाऱ्या गॅमा किरणांत असतो. फरक जमीन-अस्मानाचा, पण शब्द एक. शिवाय जीवशास्त्राच्या तासाला 'उत्सर्जन' म्हणजे काय हे ज्यानं शिकलंय, तो 'किरणोत्सर्ग' ऐकून बाकावर मागच्या मुलाला कोपर मारणार हे ठरलेलं.

आणि हिंदी? मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि रेणू म्हणजे अणूंची जुळणी. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि अणु म्हणजे आपला रेणू. त्यामुळे केंद्र सरकारच्या हिंदी पाटीवर 'परमाणु ऊर्जा' आणि शेजारच्या मराठी बातमीत 'अणुऊर्जा'. एका गृहस्थांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, की परमाणू हे अणूपेक्षा जास्त धोकादायक असतं का. 'परम' म्हटल्यावर तसंच वाटणार! त्यांचं काय चुकलं?

इथे कुणी म्हणेल, विज्ञानाची परिभाषा अचूक असते, तिला बोलीत ओढू नका. पण विज्ञानाला स्वतःची परिभाषा आकाशातून पडलेली मिळाली नाही. रेडियमच्याच घरातली गोष्ट आहे. रेडियम फुटत गेलं की त्यातून एकामागून एक पदार्थ निघतात. सुरुवातीच्या संशोधकांनी त्यांना नावं दिली: रेडियम ए, रेडियम बी, रेडियम सी, अशी एफपर्यंत. पुढे कळलं की ए हे पोलोनियम, बी हे शिसं, सी हे बिस्मथ. म्हणजे जगातल्या थोर प्रयोगशाळांतही कैक वर्षं 'रेडियम' म्हणवणाऱ्या या वस्तूंत रेडियम नव्हतंच. आमच्या टपरीवाल्याला मग हसायचं कशाला? तो गुंता सोडवला १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांच्या एका शब्दानं. रासायनिकदृष्ट्या एकच, पण वजनानं वेगळे, असे अणू आवर्तसारणीत एकाच जागी बसतात, म्हणून ग्रीकमधून 'समान जागा' अशा अर्थाचा 'आयसोटोप' हा शब्द घेतला. तोही सॉडींना सुचवला मार्गारेट टॉड नावाच्या डॉक्टरबाईंनी, ग्लासगोमधल्या जेवणाच्या टेबलावर. मराठीतला 'समस्थानिक' हा त्याचा तंतोतंत आणि सुरेख अवतार आहे. एक पाट, त्यावर आळीपाळीनं बसणारे भाऊ, एवढं सांगितलं की आठवीच्या मुलाला तो आयुष्यभर पुरतो.

त्याहून बोलकी गोष्ट प्रोटॅक्टिनियमची. थोरियम आणि युरेनियमच्या मधलं, ९१ क्रमांकाचं, रेडियमइतकंच दुर्मिळ मूलद्रव्य. १९१३ मध्ये फायान्स आणि ग्योरिंग यांना त्याचा एक प्रकार सापडला, तो मिनिटभरात निम्मा होई, म्हणून नाव ठेवलं ब्रेव्हियम, म्हणजे अल्पजीवी. पाच वर्षांनी ऑटो हान आणि लिझे माइटनर यांना त्याच मूलद्रव्याचा दुसरा समस्थानिक मिळाला, तो निम्मा व्हायला बत्तीस हजारांहून जास्त वर्षं घेणारा! आता अल्पजीवी कसं म्हणायचं? तो फुटून ॲक्टिनियम बनतं म्हणून 'प्रोटोॲक्टिनियम' ठेवलं. आणि १९४९ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेनं त्यातला एक स्वर काढून टाकून प्रोटॅक्टिनियम केलं, उच्चाराला सोपं जावं म्हणून. जिभेसाठी! जगभरचे रसायनशास्त्रज्ञ जिभेचा विचार करतात आणि आम्ही 'किरणोत्सारिता' हा शब्द दहावीच्या पोराच्या तोंडात कोंबून वर त्याचे गुण कापतो.

(प्रोटॅक्टिनियम आपल्यापासून दूरचं नाही. होमी भाभांनी थोरियमवर चालणाऱ्या अणुऊर्जेचं जे स्वप्न पाहिलं, त्यात थोरियमपासून आधी प्रोटॅक्टिनियम-२३३ होतं आणि ते सत्तावीस दिवसांच्या हिशेबानं युरेनियम-२३३ मध्ये बदलतं. ते थोरियम केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत आहे. आमच्या काळबादेवी-मालगुंडकडच्या काळ्या वाळूत असतं ते इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम. सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून आलेलं. काळी वाळू बघून 'यात अणूचं काहीतरी आहे' असं कुजबुजणाऱ्यांसाठी एवढं पुरे.)

आता तो दुसरा त्रासदायक शब्द: अर्धायुकाल. किंवा अर्धायुष्य. किंवा अर्धायू, पुस्तकागणिक वेगळा. म्हणजे किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं म्हटलं की ऐकणारा साहजिकच हिशेब करतो: अर्धं आयुष्य सोळाशे, म्हणजे पुरं आयुष्य बत्तीसशे, मग संपलं. साफ चूक. बत्तीसशे वर्षांनी पाव उरतं, अठ्ठेचाळीसशेनी दोन आणे. कोकणी माणसाला हे शिकवावं लागू नये खरं तर. आजोबांच्या सोळा आण्यांतले वडिलांना आठ, आम्हाला चार, पोरांना दोन. सातबारावर नावं वाढत जातात, हिस्सा निम्मा निम्मा होत जातो, पण शून्य काही होत नाही. मुंबईचा कुणी चुलता दीड पैच्या सहीसाठी अडून बसतोच. मी वर्गात याला 'निमकाळ' म्हणायचो. निमसरकारी, निमशहरी, तसा निमकाळ. चूक होण्याची शक्यता या शब्दातच कमी, कारण त्यात 'आयुष्य' नाही. कुणाला याहून चांगला सुचला तर माझा टाकून द्यावा.

निमकाळ नीट कळला असता तर दोन्ही बाजूंची निम्मी भाषणं वाचली असती. 'हजारो वर्षं टिकणारा म्हणजे सर्वांत भयंकर' हे विरोधकांचं आवडतं वाक्य. प्रत्यक्षात त्याच मापाच्या ढिगात निमकाळ लांब असेल तर अणू सावकाश फुटतात, आखूड असेल तर भराभरा. आठ दिवसांचं आयोडीन-१३१ थोड्या दिवसांत गळ्याच्या ग्रंथीचा घात करू शकतं. आणि 'थोड्या दिवसांत सगळं निवळतं' हे समर्थकांचं. आयोडीन निवळतं, सीझियम-१३७ ला निम्मं व्हायलाच तीस वर्षं लागतात. नाट्यातला विशीतला खलाशी तोवर पन्नाशीचा झाला असेल.

आकड्यांचंही तसंच. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं, इतकं बारीक माप. जुनं माप होतं क्युरी, एका ग्रॅम रेडियमवरून ठरवलेलं. एक क्युरी म्हणजे ३,७०० कोटी बेक्वेरेल. त्यामुळे बेक्वेरेलमधला कुठलाही आकडा छाती दडपवणारा वाटतो. धडधाकट माणसाच्या अंगात नुसत्या पोटॅशियममुळे चार हजारांच्या आसपास बेक्वेरेल असतात, आणि शहाळ्याच्या पाण्यातही थोडे असतातच. शरीराला प्रत्यक्ष लागलेली मात्रा मोजतात सिव्हर्टमध्ये. 'मात्रा' हा शब्द वैद्यांनी आपल्याला केव्हाच शिकवून ठेवलाय. बातमीत मात्र बेक्वेरेल आणि सिव्हर्ट एकाच ओळीत, रुपये आणि किलोमीटर एकत्र मिळवावेत तसे येतात.

मला भाषाशुद्धीवाला समजू नका. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांच्या भाषाशुद्धीच्या लिखाणाला जोर होता. त्यांचे दिनांक, महापौर, चित्रपट रुळले. दूरध्वनी मात्र सरकारी पत्राच्या कोपऱ्यात राहिला आणि घरात फोन वाजतो. शब्द टिकतो तो तोंडात बसला तर. म्हणून मूलद्रव्यांची नावं आहेत तशीच असू द्यावीत. रेडियम, प्रोटॅक्टिनियम, सीझियम ही विशेषनामं. त्यांचं मराठी करत बसणं म्हणजे पाहुण्याचं नाव बदलण्यासारखं. पण पदार्थ काय करतो, कसा पसरतो, किती काळ राहतो, अंगाला किती लागतो, हे सांगणारे तीस-चाळीस शब्द घरचे हवेत आणि सगळीकडे एकच हवेत: पाठ्यपुस्तकात, बातमीत, सुनावणीत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, विश्वकोश आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. त्यांच्या कष्टांना नावं ठेवायची माझी लायकी नाही. फक्त या कोशांच्या बैठकीत एखादा होडीचा तांडेल आणि एखादी आशासेविका बसलेली मला पाहायची आहे. आणि मराठी म्हणजे तरी कुठली? साखरी-नाट्यातल्या दालदी मच्छीमारांची घरची बोली पुस्तकी मराठी नव्हे. त्यांच्यासाठी छापील कागद पुरणार नाही, माणूसच लागेल.

उलट दिशेनंही शब्द हरवतात, हे विसरू नये. आमचा सडा इंग्रजी कागदावर गेला की 'पडीक' होऊन परत येतो. त्यावर पावसाळ्यात गुरं चरतात, गवत कापलं जातं, खाचरात नाचणी होते, कडेला हापूस आणि काजू उभा असतो. 'वरकस' म्हटलं की हे सगळं त्यात येतं. अनुवादकाला वरकस माहीत नव्हतं, किंवा नको होतं.

एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो: सोपं करून सांगणं म्हणजे प्रकल्प गळी उतरवणं. तसं होईल असं मला वाटत नाही. असल्या कागदांत एक ठरावीक धाटणीचं वाक्य असतं: 'प्रकल्पातून होणारे किरणोत्सर्गी उत्सर्जन विहित मर्यादेत राहील.' हे ऐकून माणूस एक तर मान डोलावतो किंवा खुर्ची फेकतो. तिसरं काही करायला त्या वाक्यात जागाच नाही. तेच असं म्हणून पाहा: 'भट्टी रोजच्यासारखी नीट चालली तरी थोडी राख हवेत आणि समुद्रात सोडली जाणार. कुंपणाबाहेरच्या माणसाला त्यातून वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, असा नियम आहे. ती मोजली जाते.' आता मांडवात मागच्या रांगेतून कुणीतरी उठणार आणि विचारणार, मोजणारा कोणाचा माणूस? यावर देखरेख करणारं अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झालं, आणि २०१२ साली देशाच्या महालेखापरीक्षकांनी त्याच्या स्वायत्ततेवरच बोट ठेवलं होतं. व्यासपीठावरच्या साहेबांना याचं उत्तर द्यावं लागेल, आणि तेही मराठीतच.